बावर्ची आला नाही, मंडप उभा राहिला नाही : दाद कोठे मागावी?

रमजान ईद उरकली की सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात निकाहांची एकच गर्दी उडते. शादीखाने आणि मंगल कार्यालये मिळत नाहीत. मंडपवाला, बावर्ची, लाईटवाला, फोटोग्राफर यांना मुलीचा बाप दोन-दोन महिने आधी विसार देऊन ठेवतो. आणि नेमके अशाच दिवसांत काहीजण एका तारखेच्या दोन सुपाऱ्या घेतात. मोठे काम पकडतात, लहान काम सोडतात. निकाह त्यामुळे अडत नाही, पण वलीम्याचे पाहुणे दस्तरख्वानावर येऊन बसले आणि देग चुलीवर चढलेलीच नाही, तर घरच्या माणसाने तोंड कोठे लपवावे? चार दिवसांनी तोच माणूस म्हणतो, "जाऊ द्या, खुशीच्या कामात कोर्टकचेरी नको." आमच्या मते या सब्रचा फायदा फक्त दगा देणाऱ्याला होतो. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या घराला असाच बुडवतो.

तोंडी ठरलेला सौदाही १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करारच असतो. अडचण येते ती पुराव्याची. देवघेव लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत किती तपशिलाने आला आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तरीही आपल्यात वीस-पंचवीस हजारांचा विसार एका शब्दावर दिला जातो आणि पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे समजले जाते. वास्तविक बिल किंवा पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावतीवर तारीख, वेळ, ठिकाण, माणसांची संख्या, ठरलेली रक्कम आणि दिलेला विसार एवढे असले तरी पुष्कळ झाले. पावती नसेल तर बँकेतून पाठवलेल्या पैशांची नोंद आणि मोबाईलवरचे संदेश जपून ठेवावेत.

भरपाई किती मागता येते? समजा, कराडच्या एका घराने मिरजेच्या बावर्चीशी २५ हजारांत स्वयंपाक ठरवला आणि ८ हजार विसार दिला. तो आला नाही. ऐनवेळी दुसरा माणूस आणावा लागला, त्याने ४० हजार घेतले. येथे विसाराचे ८ हजार आणि जादा पडलेले १५ हजार, असे २३ हजार हे सरळ नुकसान झाले. करार कायद्याचे कलम ७३ असे सरळ नुकसान देते. जेवणावरून सोयरे रुसले, त्यामुळे पुढे धंद्यातली भागीदारी मोडली, असले लांबचे नुकसान मात्र मिळत नाही.

मनस्तापाचे काय? १९७१ साली स्कॉटलंडमध्ये 'डीसेन विरुद्ध सॅमसन' हा खटला गाजला. लग्नाला फोटोग्राफर आलाच नाही, म्हणून कोर्टाने वधूला ३० पौंड दिले. त्यात पैशाचे नुकसान नव्हते, एकदाच येणाऱ्या दिवसाची आठवण हुकली याची ती भरपाई होती. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्ये ग्राहकाला झालेल्या त्रासाची व मनस्तापाची भरपाई मान्य केली. तेव्हा तक्रारीत ही मागणी स्वतंत्रपणे आणि रकमेसह लिहावी.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची. सातारा आणि सांगली येथे प्रत्येकी एक आयोग आहे. वरच्या उदाहरणात बावर्ची सांगली जिल्ह्यातला असला तरी कराडच्या माणसाने सांगलीला खेटे घालण्याचे कारण नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात समोरच्याच्या गावी किंवा प्रकार घडला तेथे जावे लागे. नव्या कायद्याप्रमाणे, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, तक्रारदार राहतो तेथेही दाद मागता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. मुदत दोन वर्षांची. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्याआधी एक साधी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच ठेवावी. पुष्कळ प्रकरणे नोटिशीतच मिटतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवता येते. आयोगाचा आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कैद होऊ शकते, म्हणून तो कागदावर राहत नाही.

पोलीस ठाण्याची पायरी मात्र विचार करून चढावी. पूर्वीचे ४२० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ हे फसवणुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले की केवळ वचन मोडले म्हणजे फसवणूक होत नाही, पैसे घेतानाच मनात खोट असावी लागते. दहा घरांचे विसार घेऊन पळालेला माणूस वेगळा आणि ट्रक बंद पडलेला मंडपवाला वेगळा.

आता दुसरी बाजू, कारण आपले कितीतरी बांधव याच धंद्यांत आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. २०२० च्या टाळेबंदीनंतर लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसे आणि दोन तास. अशा वेळी काम करणे अशक्य झाले तर कलम ५६ प्रमाणे करार रद्द ठरतो आणि व्यावसायिकावर दोष येत नाही. पण कलम ६५ प्रमाणे घेतलेला विसार परत करावा लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

ग्राहकानेच लग्न मोडले तर विसार आपोआप आपला, असेही समजू नये. १९६३ च्या फतेहचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी नुकसानीपुरतेच घेता येते असे सांगितले. शरीअतमध्ये विसार जप्त करणे हनफी, मालिकी आणि शाफई मतांना मान्य नाही, हंबली मताला मान्य आहे. १९९३ मध्ये जेद्दाच्या फिकह अकादमीने मुदत ठरलेली असेल तर ते मान्य केले. आमचे म्हणणे असे की किती दिवस आधी रद्द केले तर किती रक्कम कापणार, हे पावतीवरच छापावे. एका समारंभापोटी एकाच माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेण्यास २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई आहे, दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. मोठ्या शादीखान्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ज्याला आयोगापर्यंतही जायचे नाही, त्याने जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तेथे लोकअदालतीत समझोता होतो आणि महिलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. विसार आईच्या किंवा मुलीच्या नावाने दिलेला असेल, तर अर्ज तिच्याच नावाने करावा.