साखर माझी नव्हती

आमच्या घरी साखर विकत आणत नाहीत. वांगीचा सोनहिरा, कुंडलचा क्रांती, रेठऱ्याचा कृष्णा... आपल्या भागात कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा सभासद नाही असं ऊसवाल्याचं घर शोधून सापडायचं नाही, आणि सभासदाला सवलतीची साखर मिळते हे शेंबडं पोरगंही सांगेल. हायवेकडेच्या त्या स्वस्त मालाच्या दुकानातल्या मॅनेजरला मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. माझ्या बिलात पाच किलो साखर आली कुठून, हे मी विचारत होतो आणि तो 'सिस्टीमला दाखवतंय ना काका' एवढं एकच पालुपद लावून बसला होता.

दुकानाचं नाव घालत नाही. घरात म्हणतात, झालं गेलं, किती दिवस तेच उगाळत बसणार? पण दिवाळी परत तोंडावर आलीय, कडेगावातून गाड्या भरून लोक तिकडं निघालेत. परत आले की डाळीचा भाव सांगतात, तेलाच्या पाऊचवर किती सुटले ते सांगतात. काउंटरवर काय होतं ते कुणी सांगत नाही.

तर आधी पिशवीचं. अशा दुकानात तुमची घरची पिशवी मोकळी आत नेता येत नाही. दारातच तिचं तोंड आवळून प्लास्टिकची बारीक पट्टी अडकवतात. एकदा कर्रकन ओढली की हातानं सुटत नाही. चोरी होऊ नये म्हणून करतात, करू देत. पण काउंटरवर ती पट्टी कापायला कात्री नको का? मी पोरीला कात्री मागितली. ती म्हणाली, "पलीकडच्या काउंटरला गेलीया, काका." मग वाकून, दातानं, चष्मा सावरत पट्टी तोडत बसलो. तेवढ्या वेळात काय झालं ते मी बघितलं नाही, कारण माणसाला डोळे दोनच असतात आणि ते पट्टीवर होते.

माझ्या मागं एक गृहस्थ होते. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली, सारखी खुळखुळवत. रांगेत आधी त्यांच्या आईला उभं केलेलं. स्वतः ऐनवेळी भरलेली ट्रॉली घेऊन उगवले. "सरका की पुढं, मामा. गाडी रस्त्यावर लावलीय." कट्टा तो केवढा, हातभर स्टीलचा पत्रा. त्यावर माझा निम्मा माल अजून होता. त्याला चिकटूनच ह्यांनी आपला माल मांडायला घेतला. मी म्हणालो, "माझं होऊ द्या." ते म्हणाले, "व्हतंय की." आणि मांडत राहिले.

पोरगी मान खाली घालून माल उचलत होती, यंत्रासमोर धरत होती, टुंग आवाज आला की पलीकडं सरकवत होती. तिला मी बोल लावत नाही. सकाळपासून उभी असणार, आणि कोणाचा माल कुठं संपला हे तिला कळावं अशी कट्ट्यावर सोयच नव्हती. ह्या गृहस्थांची साखर आणि तुपाचा डबा माझ्या बिलात गेला. माझे दिवाळीचे तीन मोती साबण त्यांच्या ढिगाकडं सरकले, त्यांच्या बिलात गेले. पलीकडं सगळं एकत्रच पडलेलं. साबण माझे म्हणून मी उचलून पिशवीत टाकले, साखर-तूप त्यांचं म्हणून त्यांनी उचललं. पैसे भरले. बिल हातभर लांब. मागून किल्ली खुळखुळतच होती.

दारातला सिक्युरिटीवाला नग मोजतो आणि बिलावर शिक्का मारतो. एरवी नुसता मारतो. त्या दिवशी त्यानं मोजले. "काका, ह्यो साबण बिलात न्हाई." मी म्हटलं, परत बघा. त्यानं बोट ठेवत वरून खालपर्यंत बघितलं. मागं माणसं खोळंबली. एक बाई आपल्या पोराला जवळ ओढून घेत माझ्याकडं बघत होत्या, हे मी विसरणार नाही. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेली. टप्प्याटप्प्याला वे-बिलावर तिकिटांचा मेळ घातलाय, लाइन चेकिंगवाले आले तरी कधी हात थरथरला नाही. आणि इथं तीन साबणांसाठी माझी पिशवी फरशीवर रिकामी केली. चुरमुऱ्यांचं पुडकं फुटलं.

मग त्याचं बोट खाली थांबलं. "आणि साखर पाच किलो, तूप एक डबा. ते कुठाय?" तिथं माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी म्हटलं, "अहो, मी सभासद माणूस. मी साखर कशाला घेईन?" तो सिक्युरिटीवाला आपल्याच बाजूचा होता. त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बरोबर हाय. काउंटरला गल्लत झाली." एका वाक्यात त्याला कळलं. बाहेर बघितलं तर पांढरा शर्ट, आई, ट्रॉली, काहीच नाही. गाडी रस्त्यावर लावली होती ना!

मॅनेजरकडं गेलो. त्याच्या मागं भिंतीवर पाटी: बिल तपासून घ्यावे, नंतर तक्रार चालणार नाही. सीसीटीव्ही बघायला 'साहेब जेवायला गेलेत'. भिंतीला टेकून उभा राहिलो, विट्याची गाडी गेली. सिक्युरिटीवाल्यानंच स्टूल आणून दिलं. मॅनेजरनं पाणी सुद्धा विचारलं नाही. शेवटी चित्रात सगळं दिसलं. आता गंमत ऐका. साखर-तुपाचे आठशेच्या वर पैसे झाले, त्यातून साबणाचे वजा केले. अहो, साबणाचे पैसे त्या गृहस्थांनी भरलेत की! म्हणजे एकच साबण दोघांना विकला. वर रोख परत नाहीच, क्रेडिट नोट. परत त्यांच्याच दुकानात जाऊन खर्चायची. "चुकलं" हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही.

माझा पुतण्या जर्मनीत असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. त्यांच्याकडं आल्डी म्हणून स्वस्त दुकानं आहेत, सगळ्या जगातल्या असल्या दुकानांचा तो थोरला भाऊ. तिथं पिशवी भरून द्यायला कुणी नाही. काउंटरवरचा माणूस माल असा भिरकावतो की तुम्ही तो पटापट ट्रॉलीत परत टाकायचा आणि बाजूच्या फळीवर नेऊन निवांत पिशव्या भरायच्या. काउंटरवर भरत बसलात तर मागचे खवळतात. पण, तो म्हणाला, माल सरकपट्ट्यावर ठेवला की प्रत्येक जण शेवटी एक लांबट दांडी आडवी ठेवतो. इथपर्यंत माझं, पुढं तुझं. लहान पोरंसुद्धा ठेवतात. एक दांडी! दिव्यांच्या माळा लावायला पैसे होते, दांडीला नव्हते.

आपल्या पेठेतला वाणी यादी घेतो, स्वतः काढतो, पुड्या बांधतो आणि पोऱ्याच्या सायकलवर घरी पाठवतो. त्याचं दोन रुपये महाग का, ते मला आता कळतं. गिऱ्हाइकानं फिरून आपला माल आपण काढायचा ही तऱ्हा अमेरिकेत मेम्फिसला १९१६ साली निघाली. तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणानगरला वारणा बाजार काढला, तेव्हा आपल्या भागातली बायामाणसं नवल म्हणून बघायला जायची. स्वस्त मिळतं ते दुकानदार दयाळू म्हणून नव्हे. काढायचं काम तुमचं, वाहायचं तुमचं, पिशवी तुमची, भरणं तुमचं. हमाली तुमची, म्हणून दोन रुपये सुटतात. सुटू देत. पण हमाली करून घेता तर कट्ट्यावर हात ठेवायला जागा द्या.

आता जाणारच असाल तर ऐका. रांगेत उभं असतानाच ट्रॉलीतले नग मोजा. बिलाच्या तळाशी एकूण नग छापलेले असतात, पैसे भरायच्या आधी पोरीला विचारा, "किती नग झाले?" आकडा जुळला नाही तर तिथंच थांबा, मागचा कितीही किल्ली वाजवू दे. ही एक गोष्ट केली तरी निम्मं काम झालं. तुमचा माल संपला तिथं रिकामी बास्केट आडवी लावा आणि मोठ्यानं म्हणा, "माझं इथपर्यंत." लाजू नका.

माल कट्ट्यावर ठेवतानाच पिशवीच्या हिशेबानं ठेवा, कारण ज्या क्रमानं ठेवाल त्याच क्रमानं पलीकडं जातो. आधी तेल, मीठ, गूळ, डाळी, मग साबण-निरमा, खारी, टोस्ट, अंडी, चुरमुरे सगळ्यात शेवटी. तेलाचे पाऊच वेगळ्या पिशवीत, उभे. पीठ-मैद्याबरोबर ठेवाल तर पाऊच पाझरतो आणि करंज्या राहतात बाजूला. पिशव्यांना पट्टी लावू देऊ नका. सामान ठेवायचं टोकन काउंटर असतं तिथं जमा करा, किंवा एक जण बाहेर पिशव्या घेऊन उभा राहू दे. घडी घालून खिशात मावणारी कापडी पिशवी सगळ्यात बरी, तिला कुणी अडवत नाही.

पिशवी विसरलात तर विकत घ्यावी लागते. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून हा धंदाच झालाय. बिल होत आल्यावर "पिशवी पायजे का, काका?" हे बरोबर नाही. पिशवीला पैसे पडतील हे गिऱ्हाइकाला माल निवडायच्या आधी कळलं पाहिजे, नाहीतर ती अनुचित व्यापारी प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीच्या प्रकरणात सांगितलंय. मोबाइल नंबरचंही तसंच. "नंबर सांगा" म्हटलं की आपण घडाघडा सांगतो. सक्ती नाही, केंद्राच्या ग्राहक विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना तसं बजावलंय. मी नाही म्हटलं तर पोरीनं काहीतरी भलताच नंबर घातला. घालू दे.

बाकी नेहमीचं: सुट्टे जवळ ठेवा, नेट गेलं तर रोख असू दे, लहान पोरं आणू नका, आवाज चढवू नका. (मी चढवला. चढवला म्हणूनच सीसीटीव्ही लागला.) आणि कृपा करून नको झालेलं दह्याचं पाकीट काउंटरशेजारच्या चॉकलेटांत खुपसून जाऊ नका. म्हाताऱ्या आईला जागा धरायला उभी करू नका. तिचे पाय दुखतात, मी बघितलंय.

बिलाचा फोटो दारातच काढा. त्या गुळगुळीत कागदावरचे आकडे काही महिन्यांत उडून जातात. तक्रारीला १९१५ हा फोन आहे, हिंदीत बोलतात, मराठीतही जमतं. तेवढ्यानं भागलं नाही तर सांगलीला जिल्हा ग्राहक आयोग, घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वकील लागतोच असं नाही. माझा अर्ज लिहून झालाय. साबणाच्या दुहेरी पैशांचा मुद्दा पहिला घातलाय, साखरेचा दुसरा.