पाणबुड्याचा समतोल : वजन आणि उचल

मालवणच्या किनाऱ्यावरील कोळी समुद्रात रापण टाकतात, तेव्हा जाळ्याच्या वरच्या दोरास तरंगणारे ठोकळे आणि खालच्या दोरास वजने बांधलेली असतात. ठोकळे वर ओढतात, वजने खाली ओढतात आणि त्यामुळे जाळे पाण्यात उभे राहते. याच किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, हवेचे नळकांडे पाठीवर घेऊन बुडी मारणाऱ्या पाणबुड्यालाही हाच मेळ साधावा लागतो. मात्र त्याच्या बाबतीत दोन्ही बाजू क्षणोक्षणी बदलत असतात.

पाण्यात बुडालेल्या वस्तूवर, तिने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने कार्य करते, हे तत्त्व आर्किमिडीजने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात मांडले. समजा, नळकांडे जवळजवळ रिकामे असताना एका पाणबुड्याचे सर्व साहित्यासह वजन 100 किलोग्रॅम आणि आकारमान 102 लिटर आहे. एक लिटर समुद्राचे पाणी सुमारे 1.025 किलोग्रॅम भरते. म्हणजे त्याच्यावरील वरचे बल साडेचार किलोग्रॅमने अधिक ठरते, आणि तो बुडणारच नाही. शिसे स्वतःही थोडे पाणी बाजूस सारते, हे ध्यानात घेता कमरेच्या पट्ट्यास सुमारे 5 किलोग्रॅम शिसे लावावे लागेल. गोड्या पाण्यात त्याला दोन किलोग्रॅमहून थोडे अधिक शिसे पुरते. यास्तव भिलाईजवळच्या चरोद्यासारख्या समुद्रापासून दूरच्या ठिकाणी, तलावात सराव केलेल्या पाणबुड्याने मालवणला आल्यावर वजनाचा हिशोब नव्याने करावयास हवा.

येथे नळकांडे जवळजवळ रिकामे धरले आहे, ते का? हवेलाही वजन असते. 12 लिटरच्या नळकांड्यात 200 वातावरणांच्या दाबाने भरलेली हवा सुमारे 2.9 किलोग्रॅम भरते. त्यातील तीन चतुर्थांश हवा संपली की पाणबुड्या दोन किलोग्रॅमहून अधिक हलका होतो. वर येताना सुमारे 5 मीटर खोलीवर काही मिनिटे थांबावयाचे असते; तेथे तो स्थिर राहू शकला पाहिजे. म्हणून वजन बुडीच्या प्रारंभासाठी नव्हे, तर अखेरीसाठी ठरवावयाचे असते.

दुसरा बदल पोशाखाचा. त्याच्या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. दर 10 मीटर खोलीस दाब एका वातावरणाने वाढतो. 20 मीटरवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या तिप्पट होतो आणि बुडबुडे सुमारे एक तृतीयांश उरतात. पृष्ठभागावर 4 किलोग्रॅम उचल देणारा पोशाख तेथे जेमतेम सव्वा किलोग्रॅम उचल देतो. ही तूट आणि भरल्या नळकांड्याचे जादा वजन मिळून सुमारे 5 किलोग्रॅम होतात. ते पेलण्यासाठी अंगातील जाकिटात सुमारे 5 लिटर हवा भरावी लागते. पृष्ठभागावर डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठीही उचल लागते. जाकीट निवडताना तिचीही बेरीज करावयास हवी.

‘थोडे शिसे जास्त असलेले बरे’, ही समजूत मात्र घातक आहे. वरील पाणबुड्याने 4 किलोग्रॅम अधिक शिसे घेतले, तर 20 मीटरवर जाकिटात 9 लिटर हवा लागेल. तो 10 मीटरपर्यंत वर आला, की दाब तीनवरून दोन वातावरणांवर येऊन ही हवा साडेतेरा लिटर होईल. योग्य वजन असते तर ती साडेसात लिटर झाली असती. वेळीच हवा सोडली नाही, तर तो अनावर वेगाने वर फेकला जाईल. अशा वेळी भयाने श्वास रोखला, तर प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुस फाटू शकते. तेव्हा शिसे जितके जास्त, तितकी जाकिटातील हवा जास्त आणि तितकाच धोकाही जास्त.

वजनाची परीक्षा सोपी आहे. नळकांडे जवळजवळ रिकामे व जाकीट पूर्ण मोकळे असताना, नेहमीइतका श्वास धरून पृष्ठभागावर उभे राहावे. पाणी डोळ्यांच्या पातळीस यावे आणि श्वास सोडताच शरीर सावकाश खाली जावे. भरल्या नळकांड्याने परीक्षा घेतल्यास संपणाऱ्या हवेच्या वजनाइतके शिसे वाढवावे. पुढचा सूक्ष्म समतोल श्वासच राखतो : एक लिटर हवा आत घेतली, की सुमारे एक किलोग्रॅम उचल मिळते.

मालवणचा सागरी परिसर 1987 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील प्रवाळ अतिशय सावकाश वाढतात. वजनाने खाली ओढल्या जाणाऱ्या पाणबुड्याच्या एका लाथेने ते मोडतात. नेमके वजन घेतलेला पाणबुड्या त्यांना स्पर्शही न करता वरून तरंगत जातो.