कुऱ्हाडीचा दगड आणि शब्दाचे मूळ

व्युत्पत्ती शिकवताना मी इंग्लंडमधील नवाश्मयुगीन कुऱ्हाडींचे उदाहरण देतो. नुसत्या घडणीवरून कुऱ्हाडीचा दगड कुठला, हे ठरत नाही. त्यासाठी तिचा काप काढून तो सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. इतक्या पातळ दगडातून प्रकाश आरपार जातो आणि ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील खनिजे ओळखता येतात. मग ती ज्ञात खडकांशी ताडून पाहायची.

अशा तपासणीतून पूर्व इंग्लंडमध्ये सापडलेल्या अनेक कुऱ्हाडींचा दगड वायव्येकडील ग्रेट लँगडेलच्या डोंगरांतला ठरला. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला तो हिरवट खडक आहे. पण दगडाचे मूळ कळले म्हणजे त्याचा प्रवास कळला, असे नाही. हिमयुगात बर्फानेही दगड दूरवर वाहून नेले होते. म्हणून उगमस्थानी माणसाच्या कामाच्या खुणा शोधाव्या लागतात. लँगडेलच्या उतारांवर घडताना उडालेले छिलके आणि अर्धवट सोडलेल्या कुऱ्हाडी विपुल आहेत. रिचर्ड ब्रॅडली आणि मार्क एडमंड्स यांनी तर दाखवून दिले, की सहज हाती येणारा दगड असूनही लोक अवघड कड्यांवर चढले. केवळ सोयीचा हिशेब इथे पुरत नाही.

शब्दांचेही असेच आहे. ‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरचा, तिथे त्याचा अर्थ रताळे. मराठीत तो पोर्तुगीजांमार्फत आला. वाटेत अर्थही बदलला. ध्वनिसाम्य ही शब्दाची केवळ बाह्य घडण. मूळ सांगणाऱ्याने वाटही दाखवावी. ती दिसत नसेल, तर तिथेच थांबावे.