ट्रॅक्टरची बॅटरी : पाणी घालावयाची की ए. जी. एम.?

पेरणीचा वापसा फार दिवस टिकत नाही. अशा ऐन वेळी बॅटरीअभावी ट्रॅक्टर उभा राहिला, तर हंगामाची सारी घडी विस्कटते. नवी बॅटरी घेताना हल्ली दोन प्रकार पुढे येतात. त्यांपैकी ए. जी. एम. बॅटरीची किंमत पुष्कळच अधिक असते. ते पैसे कोठे सार्थकी लागतात व कोठे वाया जातात, याचा विचार या पाठात केला आहे.

रचनेतील भेद

दोन्हींचे मूळ तत्त्व एकच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली पुन्हा विद्युत्भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. तिचीच ही दोन्ही रूपे होत. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या व सौम्य गंधकाम्ल असते.

नेहमीच्या बॅटरीत हे आम्ल मोकळे असते. चार्जिंग होताना पाण्याचे विघटन होऊन वायू बाहेर पडतात, म्हणून पाणी घालावे लागते. ए. जी. एम. बॅटरीत पट्ट्यांमध्ये बारीक काचतंतूंची चटई दाबून बसविलेली असते व आम्ल तीत शोषलेले असते. वायूंचे बहुतांशी आतल्या आतच पुन्हा पाणी होते. सबब तिची झाकणे बंद असतात. केवळ दाब वाढल्यास झडप उघडते.

गुणदोष

ए. जी. एम. बॅटरी हादरे अधिक सोसते, कलंडली तरी आम्ल सांडत नाही, लवकर चार्ज होते व पडून राहिल्यास सावकाश उतरते. तथापि तिला उष्णता व जादा चार्जिंग सोसत नाही. झडपेवाटे एकदा पाणी गेले की ते परत भरता येत नाही. उलट, नेहमीच्या बॅटरीत पाण्याची तूट भरून काढता येते.

निवड कशी करावी?

ट्रॅक्टर नियमित चालत असेल व पाणी पाहण्याची शिस्त असेल, तर नेहमीची बॅटरी पुरेशी आहे. जुन्या ट्रॅक्टरचा रेग्युलेटर सदोष असल्यास महाग बॅटरी घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. प्रथम इंजिन चालू ठेवून व्होल्ट मोजावेत. ते साधारणतः १३.८ ते १४.४ असावेत. ज्या वाहनास उत्पादकाने ए. जी. एम. बसविली आहे, तेथे मात्र तीच घ्यावी. तिच्यासाठी चार्जरही योग्य प्रकारचा हवा.

निगा

१. पाणी चार्जिंगनंतर, खुणेपर्यंतच घालावे. ते डिस्टिल्डच असावे. विहिरीचे पाणी वा आम्ल कधीही घालू नये.
२. काही तास विश्रांतीनंतर नेहमीच्या बॅटरीत १२.६ व्होल्ट आढळल्यास ती पूर्ण भरलेली समजावी. १२.४ च्या खाली गेल्यास चार्ज करावी. उतरलेली बॅटरी तशीच ठेवल्यास पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व ती निकामी होते.
३. ट्रॅक्टर फार दिवस उभा राहणार असल्यास ऋण टोकाची तार काढून ठेवावी.
४. चार्जिंगच्या जागी विडी ओढू नये. हायड्रोजन वायू पेट घेतो. आम्ल डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

जुनी बॅटरी

शिशासाठी ती अंगणात फोडू नये. शिशाच्या विषाने मुलांच्या मेंदूस कायमची इजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडे द्यावी.

सभेत विचारावयाचे प्रश्न

ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंना विचारावे : आपल्या बॅटरीचे पाणी शेवटचे केव्हा पाहिले? इंजिन चालू असता व्होल्ट किती भरतात? जुनी बॅटरी कोठे गेली? या तिहींची उत्तरे मिळाल्यावरच नव्या खरेदीचा सल्ला द्यावा.