गोवराचा एक रुग्ण सापडला, तर पहिले तीन दिवस का मोलाचे?

सभासद, बोटमालक आणि घरच्या मंडळींनो,

गोवराचा रिपोर्ट एकाच मुलाचा येतो, पण आरोग्य खात्याची माणसं अख्खा वाडा फिरतात. "आमची पोरं धडधाकट आहेत, आमच्या दारात कशाला?" असं पुष्कळांना वाटतं. त्यामागचा हिशेब आज समजून घेऊ.

गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून गेला तरी विषाणू २ तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. लस न घेतलेले १० जण रुग्णाच्या जवळ आले, तर त्यातल्या ९ जणांना लागण होऊ शकते. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ते नंतर ४ दिवसांपर्यंत हा धोका असतो.

समजा, पुरळ १० तारखेला उठलं. म्हणजे ६ ते १४ तारखेपर्यंत त्या मुलाकडून लागण होऊ शकते. ६ तारखेला नुसता ताप, खोकला, लाल डोळे. घरच्यांना वाटतं, पडसं आहे. तोवर पोर अंगणवाडीत, जेटीवर, शेजारी जाऊन आलेलं असतं. म्हणून आरोग्यसेविका "६ तारखेपासून कुठं कुठं गेलं?" असं विचारते.

संपर्क आल्यापासून ७२ तासांत लस मिळाली, तर गोवर टळू शकतो. ९ तारखेला संपर्कात आलेल्या मुलाला १२ तारखेपर्यंत डोस हवा. दोन दिवस आजार लपवला, की शेजारच्या पोराची ही संधी जाते. उशीर झाला तरी राहिलेला डोस घ्यावाच, पुढच्या लागणीपासून राखण होते.

२०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत साथ आली. तेव्हा घरोघर ताप-पुरळाचे रुग्ण शोधले, ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस दिले. आपल्या जेटीलगतच्या खोल्याही दाटच. खलाशांची कुटुंबं ऑगस्टात येतात, १ जूनच्या बंदीला गावी जातात. या ये-जा करण्यात पोरांचा डोस राहून जातो.

आपण काय करायचं:

१. ताप आणि पुरळ दिसताच आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. कडुलिंबाचा पाला ठेवा, पण कळवणं टाळू नका.
२. तपासणीला रक्त द्या. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस दोन दिवस, डॉक्टर सांगतील तसे. त्यानं डोळे आणि जीव वाचतो.
३. पुरळ उठल्यावर ४ दिवस रुग्णाला घरीच, वेगळं ठेवा. खलाशी असेल तर तांडेलांनी त्याला बोटीवर घेऊ नये, मालकांनी पगार कापू नये.
४. संपर्कातल्यांवर २१ दिवस लक्ष ठेवा. धाप, ग्लानी, झटके दिसले तर थेट इस्पितळ.
५. कार्ड पाहा: गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो. गरोदर बाईला ही लस देत नाहीत, म्हणून तिला रुग्णापासून लांब ठेवा.

बोटमालकांनो, सीझनच्या सुरुवातीला खलाशांची नावं लिहिता, त्याच वहीत त्यांच्या पोरांचे डोसही लिहून घ्या. रुग्ण सापडलाच, तर शोधाशोधीत एक दिवसही जाणार नाही.