दोन पट्ट्यांच्या सांध्यावरील चौकोन

नकाशाच्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० उभे पट्टे कल्पिले आहेत. पेण व रोहे हे उभय तालुके ४३ व्या पट्ट्यात, म्हणजे ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमध्ये, सबंध सामावतात. सबब येथील शेतकऱ्यास सांध्याची अडचण भासत नाही. परंतु आमच्या एका आप्तांची जमीन यवतमाळ जिल्ह्यात आहे, आणि ७८ अंशाची रेषा त्याच जिल्ह्यातून जाते. मातीचे नमुने घेण्याकरिता आम्ही त्यांस क्यूजीआयएसमध्ये चौकोन आखून दिले, ते ४३ व्या पट्ट्यावर. त्यांचे जीपीएस यंत्र मात्र ४४ व्या पट्ट्याचे आकडे दाखवीत होते. एकही चौकोन जागेवर बसेना. नमुन्यांचे सारे श्रम वाया गेले. दोष आमचाच.

प्रत्येक पट्टा आपल्या मध्यरेषेस ५,००,००० मीटर मानून पूर्वेकडे मोजतो. ४३ व्याची मध्यरेषा ७५ अंशावर, ४४ व्याची ८१ वर. म्हणून त्या भागात सांध्यावरील एकाच विहिरीस एकीकडे सुमारे ८,१३,००० व दुसरीकडे सुमारे १,८७,००० असा आकडा पडतो. शिवाय दोन्हीकडील उभ्या रेषा तेथे एकमेकींशी सुमारे दोन अंशांचा कोन करितात. त्या ओढूनताणून जुळावयाच्या नाहीत. (३३ फुटी शंकुसाखळीने गावापुरते मोजीत, तेव्हा हा घोळ नव्हता.)

सबंध जिल्ह्याचा नकाशा असल्यास चौकोन ३२६४३ व ३२६४४ या संकेतांकांवर निरनिराळे आखावे, ७८ अंशाच्या रेषेवर कापावे, मग एकत्र मांडावे. कापलेले तुकडे पूर्ण चौकोन म्हणून मोजू नयेत. एकट्या शेतापुरते काम असल्यास एकच पट्टा धरून तोच सांध्यापलीकडे वाढवावा, आणि यंत्रही त्याच पट्ट्यावर लावावे.