खारवट रानातला ऊस आणि पॉलिअमाइन

मी सिव्हिलचा विद्यार्थी. बारावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकला होता. पण गेल्या उन्हाळ्यात गावाहून (वाळवा तालुका, जि. सांगली) अण्णांचा फोन आला. नदीकाठच्या रानात ऊस पिवळा पडतोय, जमिनीवर पांढरा थर येतोय आणि दुकानदार एक बाटली दाखवतोय. "त्यात पॉलिअमाइन हाय म्हनतोय. घिऊ का नको, एवढंच सांग. पुण्यात शिकतोस न्हवं?" एकराला लागणाऱ्या बाटल्यांचा हिशेब माझ्या दोन महिन्यांच्या मेस बिलाएवढा होत होता. म्हणून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या मित्राला गाठले. (जाता जाता: पुण्यात शेतकीचे वर्ग १८७९ साली निघाले ते कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे नंतरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात! तेव्हा आपला संबंध जुनाच आहे.)

पॉलिअमाइन म्हणजे नायट्रोजन असलेले छोटे, लांबट रेणू. मुख्य तीन: प्युट्रेसीन, स्पर्मिडीन, स्पर्मीन. पहिल्याचे नाव सडण्यावरून पडले, कारण ते कुजक्या मांसात सापडले. स्पर्मीनचे स्फटिक लेव्हेनहूकने १६७८ मध्येच वीर्यात पाहिले होते. नावे अशी असली तरी हे रेणू प्रत्येक झाडात असतात. पेशीत त्यांच्यावर अनुक्रमे दोन, तीन आणि चार धन प्रभार असतात. डीएनए, आरएनए आणि पेशीचे पटल यांच्यावर ऋण प्रभार असतो. त्यामुळे हे रेणू त्यांना चिकटून आधार देतात. आपल्या भाषेत सांगायचे तर टेकूच. जिथे पेशी भराभर विभागतात तिथे त्यांचे प्रमाण जास्त. मेसच्या मटकीला मोड येतो, त्या मोडाच्या टोकाशीही हेच. स्पर्मिडीन अजिबात तयार करू न शकणाऱ्या अरॅबिडॉप्सिस या रोपाचा गर्भ बियाणातच मरतो.

आता मुद्द्याचे. १९५२ साली रिचर्ड्स आणि कोलमन यांना पोटॅशियम कमी पडलेल्या बार्लीत प्युट्रेसीन साठलेले दिसले. मग १९८२ मध्ये फ्लोरेस आणि गॅल्स्टन यांनी ओटच्या पानांच्या पेशींना पाणी ओढून घेणाऱ्या द्रावणात ठेवले, तर सहा तासांत प्युट्रेसीन साठ पटींपर्यंत वाढले. सहा तासांत! आमच्या सबमिशनला तेवढ्यात पहिले पानही होत नाही. आणि २००६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की स्पर्मीन बनवू न शकणारे रोप मिठाने लवकर कोलमडते, पण बाहेरून स्पर्मीन दिले तर सावरते.

हे वाचून मी फोन उचललाच होता. "घ्या बाटली" म्हणणार, तेवढ्यात मित्र म्हणाला, "थांब. ते रोप कशात वाढवलं होतं? काचेच्या बशीत. तुमच्या रानात रोज नवं मीठ वर येतंय, त्याचं काय?"

खरेच. झाडाच्या आत टेकू लावला, तरी जमिनीतला सोडियम एक कणही कमी होत नाही. शिवाय पॉलिअमाइन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. थोडे असले तर तो इशारा, फार झाले तर पेशीलाच इजा. म्हणजे मात्रेचाही प्रश्न आहे, आणि बाटलीवर मात्रा छापलेलीच नव्हती.

मी अण्णांना मातीची तपासणी करायला लावली. विद्युत वाहकता आली ६.२ डेसिसायमन प्रति मीटर. चारच्या वर गेली की जमीन खारवट समजतात, आणि उसाचे उत्पादन तर १.७ नंतरच उतरू लागते. दोष आमचाच. वर्षानुवर्षे ऊसच लावला, पाटाने भरपूर पाणी दिले आणि काळ्या मातीतून ते निचरून जाईना. भूजल वर आले, पाणी वाफ होऊन गेले आणि क्षार मागे राहिले. यावर उपाय आमच्याच सिलॅबसमध्ये निघाला: मीटरभराहून खोल सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला वाट काढून द्यायची आणि क्षार धुऊन लावायचे. तिसऱ्या वर्षी हा धडा मी ऑप्शनला टाकला होता!

"अण्णा, बाटली नको. पाइपाला पैसे ठेवा," मी सांगितले.

"आन् पानी सोडायचं कुटं?" अण्णांनी विचारले.

ओढा चुलत्यांच्या रानापलीकडे आहे. दिवाळीत त्यांच्याकडे दोनदा चहा झाला, लेव्हलचा कागदही दाखवला. बांधाखालून पाइप नेऊ द्यायला चुलते अजून हो म्हणालेले नाहीत.